एका पट्ट्यावर दोन थोरल्या

मुकुंदवाडी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक झेरॉक्सचं दुकान हाय. आत शिरलं की डाव्या हाताला लांबडं टेबल, त्यावर झाकणं काढलेले कॉम्प्युटर, वायरींचे गुंते, आन् त्या पसाऱ्यामागं सरिता. लासूर स्टेशनच्या धान्याच्या मोंढ्यात पोती वाहिलेल्या रामकिसनची धाकटी पोरगी. शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे ढिगानं पडलेत. पण सगळ्यांनी मेली म्हणून सांगितलेली डिस्क कानाला लावून, तिची घरघर ऐकून, "ही जिती हाय" असं छातीठोक सांगणारी ही एकटीच. खोटं वाटत असंल त्यानं जाऊन विचारावं. झेरॉक्सवाले चाचा पदरचा चहा पाजून सांगतील.

पण हुशार माणसं तशी लई असतात, त्याचं काय एवढं. राग नीट सांभाळणारी माणसं मात्र कमी. बाकीच्यांचा राग दुधासारखा उतू जातो, चूल विझवतो आन् संपून जातो. सरितानं तिचा राग दोन वर्षं मंद आचेवर ठेवला. खाली लागू दिला नाय, वर येऊ दिला नाय. आन् ज्याच्यासाठी ठेवला होता त्यालाच वाढला, भर बाजारात, शटर वर करून.

तो माणूस म्हणजे इंद्रजीत. ह्याच रस्त्यावर जरा पुढं त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ हाय. बापाची पिठाची गिरणी होती, ती बंद करून ह्यानं कॅमेरे घेतले. सरिता आयटीआय करून आईबापासंगं शहरात राहायला आली तवा पहिली नोकरी तिनं त्याच्याकडंच धरली. इंद्रजीतचं शूटिंग बरं असायचं, बोलणं त्याहून बरं. नवरीच्या मामापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो भाऊ-दादा करून खुश ठेवायचा. मशीन मात्र त्याला कळायची नाय. ती सगळी सरिताच्या जिवावर चालायची आन् हे तो कबूल करायचा नाय.

स्टुडिओत एक जुनापाना कॉम्प्युटर होता. लोक जुन्या लग्नांच्या कॅसेटी घेऊन यायचे, त्या उतरवून पेनड्राइव्हवर द्यायचं काम त्याच्यावर व्हायचं. कॅसेट वाचणारं कार्ड जुनं, नव्या मशीनला बसत नव्हतं, म्हणून त्या म्हाताऱ्याला जपून ठेवलेलं. त्याच्या पोटात दोन हार्ड डिस्का, दोन्ही एकाच पट्ट्यावर. पट्टा म्हणजे दोन-तीन बोटं रुंद, करडी, चपटी केबल. एक टोक कॉम्प्युटरला, पुढं दोन तोंडं, दोन डिस्कांना. एका डिस्कवर विंडोज, दुसरीवर लोकांची लग्नं.

आता एका पट्ट्यावर दोघींना नांदवायचं म्हणजे एक रीत असती. कॉम्प्युटर हाक मारतो ती दोघींना एकाच वायरीतून ऐकू जाती. मग थोरली कोण आन् धाकटी कोण, हे आधी ठरवून द्यावं लागतं. ते ठरतं डिस्कच्या पाठीमागच्या पिनांवर बसवलेल्या काळ्या टोपड्यावरून. जंपर म्हणतात त्याला, डाळीच्या दाण्याएवढं असतं. एका जागी बसवलं की डिस्क थोरली, दुसऱ्या जागी बसवलं की धाकटी. दोघी थोरल्या झाल्या तर एकाच हाकेला दोघी एकदम ओ देतात, आन् कॉम्प्युटरला एकीचंही काय कळत नाय. बिघडलेलं कायच नसतं, नुसतं घरातलं भांडण असतं. ज्याला भावंडं हायत त्याला हे समजवावं लागत नाय.

तर इंद्रजीतच्या बापाची रीत अशी, की दसऱ्याला गिरणी अख्खी सुटी करायची. दगड, जाळी, बोल्ट, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आन् परत जोडायचं. चांगली रीत. गिरणीला तेवढीच वर्षातून एकदा सफाई. इंद्रजीतनं तीच रीत कॉम्प्युटरला लावली. त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं सरिताला विचारलं, की ह्याचं पोट कसं उघडायचं. ती म्हणली, पूजा जरूर करा, पण बाहेरून करा, आतल्या डिस्का हलवू नका. एवढं सांगून ती सुट्टीवर गेली. दसऱ्याला रामकिसनच्या घरची सगळी पांढरे कपडे घालून बुद्ध लेणीला जातात, दिवस तिथंच जातो. इंद्रजीतला हे चांगलं ठाऊक होतं, सुट्टी त्यानंच दिली होती.

दसऱ्याला त्यानं दोन्ही डिस्का बाहेर काढल्या. मागची टोपडी त्याला धुळीची झाकणं वाटली, तीही उपसून वाटीत ठेवली. पूजा झाली. परत जोडताना त्यानं दोन्ही डिस्कांना टोपडी अगदी एकसारख्या जागी बसवली, कारण दोन्ही बाजूचे बोल्ट सारखे बसले पाहिजेत असं बापानं गिरणीत शिकवलेलं. दिसायला लई नीट दिसत होतं. कॉम्प्युटर चालू झाला नाय.

मग त्यानं बाजारातला एक माणूस आणला. त्या माणसानं फार डोकं घातलं नाय. लग्नांची डिस्क पट्ट्यावरून काढून बाजूला ठेवली, राहिलेली एकटी चालली, म्हणून काढलेली मेली, असं सांगून तो गेला. एकटीला भांडायला कोणी नव्हतं म्हणून ती चालली, एवढं त्याला कळलं नाय. आन् त्या काढलेल्या डिस्कवर होतं मनकर्णाबाईच्या लेकीचं, रूपाचं लग्न, दुसरीकडं कुठंच नसलेलं.

मनकर्णाबाई म्हणजे समोरच्या बांगड्यांच्या दुकानवाली. तिच्या कानावर गेलेली गोष्ट चुडा भरायला येणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर घरोघर जाती. दुसऱ्या दिवशी सरिता कामावर आली तवा मनकर्णाबाई स्टुडिओतच उभी होती, लेकीच्या लग्नाचं काय झालं म्हणून विचारत होती. इंद्रजीतच्या तोंडचं पाणी पळालेलं. समोर सरिता दिसली आन् त्याला वाट सापडली.

"हिनं परवा मशीन उघडली," तो म्हणला. "पूजा करू नका म्हणत होती. जाता जाता डिस्क जाळून गेली."

सरिताला आधी वाटलं हा मस्करी करतोय. मग तिनं सांगायचा प्रयत्न केला, की मला हात लावू द्या, एकेक डिस्क एकेकटी लावून बघते, लगेच कळंल काय झालं ते. त्यानं तिला खुर्चीजवळ येऊ दिलं नाय. त्याच दुपारी त्यानं शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात मेसेज टाकला. आपल्या सणाचं हिला वावडं हाय, हिचा हात कोणी मशीनला लागू देऊ नका. अख्ख्या शहरातले शूटिंगवाले त्या ग्रुपवर, वैजापूर-पैठणचेसुद्धा. जे काम शिकायला सरितानं इतकी वर्षं घातली त्या कामाची सगळी दारं एका मेसेजनं बंद झाली.

ह्याहून वाईट झालं ते वस्तीच्या नळावर. मनकर्णाबाईनं सगळ्या बायांसमोर गीताबाईला, म्हणजे सरिताच्या आईला, सुनावलं की तुझ्या लेकीनं माझ्या लेकीचं लग्न जाळलं. गीताबाई घागर अर्धी भरलेली तशीच उचलून घरी आली आन् त्यानंतर लांबच्या नळावर जायला लागली. रामकिसनच्या घरात मान खाली घालून चालायची सवय कोणालाच नाय. आईला आडरस्त्यानं पाणी आणताना बघायची आन् सरिताच्या दाढा आवळायच्या. तिनं ठरवलं होतं ते एवढंच. ज्या तोंडानं खोटं बोलला त्याच तोंडानं, ज्या कानांनी ऐकलं त्याच कानांसमोर, इंद्रजीतनं ते परत घ्यायचं. पैसे नको, नोकरी नको, माफीसुद्धा नको. माफी काय, कोपऱ्यात नेऊनही मागता येती.

चाचांनी दुकानात टेबल दिलं. क्लासवाल्या पोरांचे, मेडिकलवाल्यांचे कॉम्प्युटर यायला लागले आन् पोट भरायला लागलं. शूटिंगवाला एक फिरकला नाय. कधी कधी इंद्रजीत दुकानासमोरून गाडीवर जायचा, मुद्दाम हॉर्न वाजवायचा. सरिता मान वर करायची नाय. हातातला स्क्रू मात्र जरा जास्त आवळला जायचा.

यंदाचा दसरा झाला आन् इंद्रजीत स्वतःच्या पायानं टेबलापुढं येऊन उभा राहिला. सरिताताई म्हणला. पहिल्यांदा ताई. मधल्या काळात बाजारातल्या त्या माणसाकडून त्यानं दुसरी एक जुनी डिस्क बसवून घेतली होती, तिच्यावर परत लोकांची लग्नं भरली होती. गेल्या दसऱ्याला भीतीनं पूजा बाहेरूनच झाली होती. यंदा पुन्हा कॉम्प्युटर बंद पडला होता, दोन्ही डिस्का दिसत नव्हत्या. बाजारातला माणूस पुण्याला निघून गेलेला. नवीन पोरांना बोलावलं तर त्यांनी आयुष्यात असा चपटा पट्टा बघितला नव्हता, त्यांनी हात जोडले.

आन् अडचण मोठी होती. दौलताबादचे आप्पासाहेब, अंजिराच्या बागावाले, त्यांची बायको आवडाबाई गेल्या साली वारली. रविवारी वर्षश्राद्ध. पोराच्या लग्नातली आवडाबाई पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायची, असं म्हाताऱ्यानं मनात धरलेलं. कॅसेट बुरशीनं खराब झाली होती, पण खराब व्हायच्या आधी ती ह्या डिस्कवर उतरवलेली. आवडाबाईचं हलतं-बोलतं रूप जगात तेवढ्या एका जागी उरलं होतं.

सरितानं सगळं ऐकून घेतलं. मनात लाडू फुटत होते, चेहरा मात्र दगडासारखा. तिनं एकच विचारलं, की मनकर्णाबाईंची ती मेलेली डिस्क फेकली का? इंद्रजीत म्हणला, नाय, फोटोच्या पाकिटांवर वजन म्हणून ठेवली हाय, वाऱ्यानं उडत नायत.

मग सरितानं तिच्या अटी सांगितल्या. मशीन इथं आणायची नाय, मी तिथं येईन. संध्याकाळी, बाजार भरल्यावर, शटर पूर्ण वर. आप्पासाहेब समोर बसले पाहिजेत आन् मनकर्णाबाईही. इंद्रजीत लई वळला-पिळला. मजुरी दुप्पट देतो म्हणला, बाईचं काय काम म्हणला, दुपारच्या शांततेत ये म्हणला. सरितानं हातातला कॉम्प्युटर पुढं ओढला आन् तिकडं बघत म्हणली, मग पुण्याला फोन लावा.

संध्याकाळी ती हत्यारांची पिशवी उचलून निघाली तवा चाचांनी अडवलं.

"कायकू जाती बेटी उधर? एक बार बेइज्जती हुई सो बस नई क्या?"

"उसीच के वास्ते जा रई चाचा," सरिता म्हणली.

स्टुडिओत आप्पासाहेब खुर्चीवर बसले होते, पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर, हातात कोरा पेनड्राइव्ह घट्ट धरलेला. मनकर्णाबाई दारातूनच बोलत आली. आली का डिस्क जाळणारी, म्हणली, आता काय उरलेलं जाळायला बोलावली का हिला? सरिता वळली सुद्धा नाय. बसा मावशी, म्हणली, तुमच्याचसाठी खुर्ची ठेवलीय. शटर वर होतं, त्यामुळं भाजी घेऊन जाणारी दोन-चार माणसंही पायरीवर थांबली. सरितानं त्यांना हाकललं नाय.

झाकण उघडलं आन् तिला पहिल्याच नजरेत दिसलं. दोन्ही डिस्का, दोन्ही टोपडी, एकाच जागी. दोघी थोरल्या. चिमट्यानं एक टोपडं उचलून शेजारच्या पिनांवर बसवलं की काम संपलं असतं. पण एवढ्या वर्षांचं जेवण कोणी एका घासात संपवतं का?

तिनं सगळ्यांना दिसंल अशी एकेक पायरी केली. आधी विंडोजची डिस्क एकटी लावली. कॉम्प्युटर चालू झाला. मग ती काढून आप्पासाहेबांच्या पोराचं लग्न असलेली डिस्क एकटी लावली. काळ्या पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं. आप्पासाहेबांना तिनं दाखवलं, ही पण जिती हाय, काळजी करू नका. मग दोघी एकत्र लावल्या. पडद्यावर नावाच्या जागी वेडीवाकडी अक्षरं आली आन् सगळं तिथंच थिजलं.

आप्पासाहेबांनी विचारलं, एकेकट्या चालतात तर एकत्र का नाय चालत?

सरिता म्हणली, कोणी आत हात घातल्याबिगर असं होत नाय. मग इंद्रजीतकडं वळून विचारलं, की दसऱ्याला ह्या बाहेर काढल्या होत्या का?

"नाय," इंद्रजीत म्हणला. "कुंकू बाहेरूनच लावलं."

सरितानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, हात पुसले आन् स्टुलावर बसून राहिली. अवघड हाय मग, म्हणली. काय झालं ते कळल्याशिवाय मी हात लावायची नाय. उगाच म्हणायला नको, की हिनं जाळली.

 पायरीवरचा एक जण शेजारच्याला कोपरानं ढोसत होता. आप्पासाहेबांनी पेनड्राइव्ह ह्या हातातून त्या हातात घेतला. मग ते सावकाश म्हणले, की इंद्रजीत, रविवारी माझ्या दारात पाहुणे येणार हायत, माझी आवडाबाई त्या पेटीत अडकलीय. काय केलं असंल ते सांगून टाक.

इंद्रजीतनं मानेवरचा घाम पुसला. म्हणला, काढल्या होत्या. पुसायला.

"दोन्ही?"

"व्हय."

"आन् ही टोपडी?"

"तीपण."

"परत कोणी बसवली?"

"मीच बसवली."

"अशी एकसारखी?"

"नीट दिसावी म्हणून," इंद्रजीत म्हणला, आन् पायरीवर कोणीतरी खुसूखुसू हसलं.

सरिता हसली नाय. आप्पासाहेबांची डिस्क तिनं अलगद बाजूला ठेवली. उठली, फोटोच्या पाकिटांवरची ती मेलेली डिस्क उचलली, फुंकर मारून धूळ उडवली आन् पालथी करून मनकर्णाबाईच्या डोळ्यांपुढं धरली. दोन वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता, टोपडं अजून तिथंच होतं, थोरलीच्या जागी. सरितानं चिमट्यानं ते उचलून धाकटीच्या जागी बसवलं, विंडोजच्या डिस्कबरोबर तिला पट्ट्यावर टाकलं आन् बटन दाबलं.

घरघर झाली. पडद्यावर खिडकी उघडली. त्यात एक फोल्डर, नाव रूपा.

लग्न सुरू झालं. मांडवात रूपा बसलेली आन् तिच्या पुढ्यात मनकर्णाबाई स्वतः, लेकीच्या हातात हिरवा चुडा भरताना. एक बांगडी पिचकली, तिनं ती पदराआड लपवली, तिला वाटलं कोणी बघितलं नाय, पण कॅमेऱ्यानं बघितलं होतं. स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेली मनकर्णाबाई पुढं सरकली, पडद्याला नाक लावायची तेवढी राहिली.  ज्या बाईच्या तोंडापुढं सगळी गल्ली गप्प बसती, तिलाच गप्प झालेलं सरितानं मनसोक्त बघितलं.

"मावशी, ही जळाली होती ना?" सरिता म्हणली. "इंद्रजीतभाऊ, त्या वर्षी मशीन कोणी उघडली होती? आता त्यांना सांगा."

इंद्रजीत म्हणला, झालं गेलं त्याचं आता काय. सरितानं आप्पासाहेबांच्या डिस्ककडं बघितलं, फक्त बघितलं. आप्पासाहेबांनी इंद्रजीतकडं बघितलं.

"मीच उघडली होती," इंद्रजीत म्हणला. "ही सुट्टीवर होती."

मनकर्णाबाई वळली. आवाज चढवला नाय तिनं, त्यामुळं जास्त लागलं. म्हणली, तुझ्या शब्दावर दोन वर्षं ह्या पोरीला शिव्या घातल्या मी, आन् माझ्या लेकीचं लग्न तू कागदं दाबायला ठेवलंस? तुझ्या बापाच्या गिरणीत पीठ कमी भरायचं, तरी तो माणूस दुसऱ्याचं नाव घेत नव्हता. मग ती सरिताकडं वळली, काहीतरी बोलणार होती, हात पुढं केला. सरितानं तिलाही सुटू दिलं नाय.

"मला नका बोलू मावशी. माझ्या आईला जिथं बोललात तिथं जाऊन बोला. नळावर. सगळ्या बाया असताना."

मनकर्णाबाईनं मान हलवली. आन् हे सांगायलाच पाहिजे, की ती गेली. दुसऱ्याच सकाळी, नळाला पाणी आल्या आल्या, गीताबाईला घरून हाताला धरून नेली आन् सगळ्यांसमोर बोलली. तोंडाची फाटकी असंल, पण दिलेला शब्द पाळला.

इकडं इंद्रजीतला वाटलं सुटलो. त्यानं आप्पासाहेबांची डिस्क उचलून सरितापुढं सरकवली. सरितानं ती घेतली नाय.

"ग्रुपवर आवाज टाका," ती म्हणली. "त्या वेळी टाकला होता तसाच. तुमच्याच तोंडानं."

आता मात्र तो खरंच विनवायला लागला. सरिता, माझा धंदा हाय, म्हणला. ती म्हणली, माझाही होता. म्हणला, बायको-पोरं हायत. ती म्हणली, माझी आई आडरस्त्यानं पाणी भरती. त्यानं आप्पासाहेबांकडं आशेनं बघितलं, पण म्हातारा पडद्याकडं तोंड करून बसलेला, त्याला त्याची आवडाबाई हवी होती, बाकी कोण बुडतं कोण तरतं ह्याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

इंद्रजीतनं मोबाइल तोंडाजवळ धरला आन् सुरू केलं, की मागं सरिताबद्दल मी जे बोललो होतो त्यात थोडा गैरसमज झाला होता. सरितानं मध्येच हात केला.

"पुसा ते. गैरसमज नाय. खोटं. खोटं म्हणा."

त्यानं पुसलं. पुन्हा सुरू केलं. डिस्का मीच काढल्या होत्या, मीच चुकीच्या लावल्या, नाव तिचं घेतलं, मी खोटं बोललो. सणाचंही खोटं बोललो. सरितानं त्याच्या खांद्यावरून बघितलं, मेसेज गेल्याची खूण उमटली तवाच ती स्टुलावर बसली.

मग तिनं रूपाची डिस्क उतरवली, आप्पासाहेबांची धाकटी केली आन् पट्ट्यावर लावली. दोघी शहाण्यासारख्या चालल्या. पडद्यावर आवडाबाई आली, नऊवारी खोचलेली, पंगतीत वाढणाऱ्या पोरांवर खेकसत होती, की पाहुण्यांच्या पानात बुंदी मोजून टाकता का रे. आप्पासाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आन् परत घातला. पेनड्राइव्ह भरेपर्यंत कोणी उठलं नाय, पायरीवरची माणसंसुद्धा भाजीच्या पिशव्या घेऊन उभीच होती. सरितानं पेनड्राइव्ह म्हाताऱ्याच्या हातात दिला, चालतो का ते तिथंच दाखवलं. रूपाच्या लग्नाची डिस्क कागदात गुंडाळून मनकर्णाबाईला दिली. दोघंही गेली.

दुकान रिकामं झालं तसा इंद्रजीतच्या जिभेला पुन्हा मध आला. म्हणला, जाऊ दे आता, आपलीच माणसं आपण. तुझ्यासारखा हात शहरात नाय, उद्यापासून परत कामावर ये. सरिता ऐकत होती आन् हात चालवत होती. पाठमोरी बसून तिनं आप्पासाहेबांची डिस्क पट्ट्यावरून काढली, टोपडं उचललं आन् जिथं सापडलं होतं तिथंच, थोरलीच्या जागी, परत बसवलं. डिस्क पट्ट्यावर चढवली. झाकण लावलं. चारी स्क्रू आवळले, तेही अगदी नीट, एकसारखे.

इंद्रजीतनं खुशीत बटन दाबलं. पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं आली आन् थिजली.

"अगं, हे काय?"

"तुम्ही लावलं होतं तसं लावून दिलं," सरिता पिशवी भरत म्हणली. "आप्पासाहेबांचं काम घेतलं होतं, ते झालं. तुमचं घेतलंच नव्हतं."

"मग मी काय करू?"

"ग्रुपवर विचारा. तिथं लई जाणकार हायत."

काही जणांना हे जरा जास्त झालं असं वाटंल. वाटू द्या. ज्याच्या आईला आडरस्त्यानं घागर वाहावी लागली नाय त्यानं तोलून-मापून बोलावं. सरितानं जे केलं ते रामकिसनच्या घराला शोभंल असंच केलं.

इंद्रजीतनं ग्रुपवर खरंच विचारलं. जुनी मशीन, एका पट्ट्यावर दोन डिस्का, एकही दिसत नाय, कोणाला जमतं का? पैठणवाल्यानं उत्तर दिलं, वैजापूरवाल्यानं दिलं, सिडकोतल्या दोघा-तिघांनी दिलं. सगळ्यांनी एकच नंबर दिला.

सरिताचा फोन वाजला तवा ती आईसमोर जेवायला बसली होती. तिनं नाव बघितलं, फोन पालथा घातला आन् आईला म्हणली, अजून एक भाकरी टाक.